हौसा सिस्टरांचा माळ

हौसा सिस्टर माणसाला त्याच्या नावानं हाक मारत नाहीत. तो जन्माला कसा आला हे त्यांना आठवतं, आणि त्यांच्या लेखी तेच त्याचं नाव. मोटारी रिवाइंड करून देणारा ज्ञानदेव पायाळू जन्मला, म्हणून तो ‘उलटा’. मीरा दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच झाली, म्हणून ती ‘गाडीतली’. ग्रामपंचायतीचा शिपाई जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नव्हता, म्हणून तो ‘मुका’. आता तो दिवसभर बोलत असतो, तरी नाव काही बदललेलं नाही. भर बाजारात, सासुरवाडीच्या पाहुण्यांदेखत, सिस्टर लांबून आवाज देतात, “ए उलट्या, रविवारी कुठं मेल्तास?” आणि चाळिशीतला मिशीवाला ज्ञानदेव शाळेतल्या पोरासारखा खाली बघायला लागतो. करणार काय? ज्या बाईनं तुम्हाला पायांना धरून जगात ओढलं, तिच्याशी हुज्जत कोणत्या तोंडानं घालायची?

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. सिस्टरांनी इथल्या उपकेंद्रात सगळी नोकरी काढली. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलं, आणि उरलेलं अर्धं त्यांच्या हातून जन्मलेल्यांशी लग्न करून आलं. मी यातल्या कुठल्याच अर्ध्यात नाही. मी कोल्हारचा, उसाच्या बागायती पट्ट्यातला. इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो आणि सिस्टरांच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली.

पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून असा कडाक्याचा आरडाओरडा ऐकू आला, की शेजारी मारामारी चाललीय असं समजून मी चहा तसाच ठेवून बाहेर धावलो. सिस्टर ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. हातात मोबाईल होता आणि तोंडासमोर धरून त्या त्यालाच झापत होत्या. नंतर कळलं, माळावर काम करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे आणि सिस्टर त्यावर सूचना पाठवत होत्या. त्यांना टाइप करायला आवडत नाही. टाइप केलेल्यात राग दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला पाहून त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझा जन्म कसा झाला ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला तिथंच उभं करून आईला फोन लावायला सांगितला. आई बिचारी घाबरली. मग म्हणाली, सिझर झालं होतं. मी ते सिस्टरांना सांगितलं.

“तरीच,” सिस्टर म्हणाल्या. “वाट काढायची सवयच न्हाई तुमाला.”

त्या दिवसापासून मी ‘सिझर मास्तर’. पुढच्या रविवारी मी माळावर घाणेरीची काटेरी झुडपं उपटत होतो. यायचं का, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

माळ म्हणजे गावामागचं गायरान. सिस्टर नोकरीत असताना डोंगरावरच्या वस्त्यांना याच माळावरून चालत जायच्या. तेव्हा पवन्या गवत कमरेला लागायचं, बोरीच्या जाळीतून तित्तर उडायचे, आणि झुडपांच्या सावलीला माकडशिंग उगवायचं. माकडशिंग म्हणजे हिरव्या बोटांसारख्या मांसल कांड्यांची एक लहानशी वनस्पती. पानं जवळजवळ नाहीतच. बायका ती खुडून मीठ लावून खायच्या. लांबच्या बाळंतपणाला निघालेल्या सिस्टरही चालता चालता एखादी कांडी तोंडात टाकायच्या.

रिटायर झाल्यावर मुलानं त्यांना चिंचवडला नेलं. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण सिस्टर एक पावसाळा काढून परत आल्या. तिथं कुणावर वरडावं तेच कळंना, असं त्या सांगतात. परत आल्या तर माळ ओळखू येईना. सगळीकडे घाणेरी माजलेली. उरलेलं गवत मुळापर्यंत चरलेलं, आणि दर वर्षी कुणीतरी पेटवून दिल्यानं जमीन काळी पडलेली. त्या जागी सिस्टरांना जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्याच रागात त्या ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या आणि चराईबंदीचा ठराव होईपर्यंत उठल्या नाहीत. त्याच रागात त्यांनी ‘आपल्या हातची’ माणसं गोळा केली.

माळावरच्या रविवारचे कायदे कडक होते. आल्या आल्या मोबाईल घमेल्यात टाकायचा आणि घमेलं बोरीखाली ठेवायचं. काम व्हायच्या आधी फोटो काढायचा नाही. काम झाल्यावरही शक्यतो नाहीच. घाणेरी वरवर छाटायची नाही, मुळासकट काढायची आणि मुळं उन्हाकडं करून ठेवायची. ‘वृक्षारोपण’ हा शब्द उच्चारायचा नाही. सिस्टरांना तो शब्द ऐकला की खोकल्याची उबळ येते. आम्ही बरीचशी झाडं लावतच नव्हतो. हिवर, बोर, आपटा, पळस आधीच जमिनीत होते, चरून चरून खुरटलेले. त्यांच्याभोवती काट्यांचं कुंपण करायचं आणि त्यांना वाढू द्यायचं. प्रत्येक हिवराला एक माणूस नेमलेला. झाड मेलं तर जाब त्या माणसाला.

जो रविवारी येणार नाही त्याच्या घरी सिस्टर संध्याकाळी जायच्या. भांडायच्या नाहीत. त्याच्या बायकोजवळ बसून, तो जन्मला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी काय केलं होतं, कुणाच्या अंगावर केलं होतं, हे अगदी सावकाश सांगायला लागायच्या. पुढच्या रविवारी माणूस हजर.

एकदा मी म्हटलं, सिस्टर, जरा गोडीनं सांगितलं तर आणखी लोक येतील. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कळा सुरू झालेल्या बाईला चहा घेणार का असं विचारलं.

“गोडी तुमच्याकडं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं ऊस, आमच्याकडं ऊस तोडनारे. गोडी कुठून आनू?”

मी वाकून पुढचं झुडूप उपटायला घेतलं.

तरीही सगळं बरं चाललं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात पवन्या परत आला. सगळीकडे नाही, पण आला. वरच्या अंगाला एका दगडी उंचवट्याखाली माकडशिंगाचं बेट सापडलं, तेव्हा सिस्टरांनी त्याभोवती स्वतः दगड रचले. दुसऱ्या झुडपांखाली त्यांनी कांड्या मोडून लावल्या. त्या दिवशी त्या कुणावरच ओरडल्या नाहीत, त्यामुळे सगळे काळजीत पडले होते.

आणि मग दादासाहेबांचा वाढदिवस आला.

दादासाहेब म्हणजे आमच्या भागातले एक होतकरू पुढारी. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की गावात माळावर काम चालू आहे, लोक तयार आहेत, फक्त बॅनर लावायचा अवकाश. आम्हाला कुणी कळवलं नाही. त्या सकाळी मी शाळेला निघालो तर माळाच्या बाजूनं जेसीबीचा आवाज येत होता. जाऊन पाहतो तर मंडप उभा आहे, स्पीकर लागलाय, ट्रकभर गुलमोहराची रोपं उतरवून ठेवलीत, आणि जेसीबी रांगेत खड्डे घेतोय. रांग सरळ दिसावी म्हणून त्यांनी दोरी धरली होती. दोरी ज्या रेषेत गेली त्या रेषेत जे होतं ते सगळं उपटून बाजूला. त्यात काट्यांची कुंपणं होती, पवन्या होता, आणि दगड रचलेलं ते बेटही होतं. माकडशिंगाच्या हिरव्या कांड्या ढिगाऱ्यात मातीखाली पडल्या होत्या, बाजारात भाजीचा पाला पडावा तशा.

मला भयंकर संताप आला. दोन पावसाळे लोकांनी कंबर मोडून घाणेरी काढली ती यासाठी? ज्या माळावर गुलमोहर कधी नव्हता तिथं गुलमोहर लावायचा, पाणी कोण घालणार ते ठरवायचं नाही, आणि फोटो मात्र पाण्याची झारी धरून काढायचा. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत उभा होतो. सिझर.

सिस्टर आल्या त्या थेट जेसीबीकडं गेल्या, आणि खाली टेकलेल्या बकेटमध्ये चढून बसल्या. लुगडं सावरलं, चष्मा पुसला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो शेजारच्या गावचा होता, आणि नंतर कळलं की तोही यांच्याच हातचा.

दादासाहेबांची गाडी आली तेव्हा समोर हे दृश्य होतं. ते हसत हसत जवळ आले, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाले की सिस्टर, हे सगळं तुमच्याच कामाला हातभार म्हणून आहे. मंडपातला स्पीकर चालू होता. मुका शिपाई माइक हातात घेऊन तिथंच घुटमळत होता. सिस्टरांनी बसल्या जागेवरून हात लांब करून तो घेतला.

“तुझी नाळ कापली मी,” त्या म्हणाल्या, आणि ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. “तवा तू लई बारका हुतास. वाचतो का न्हाई, कळत नव्हतं. मी तुला रात्रभर छातीशी धरून बसल्ते, तुझी आय बेशुद्ध हुती म्हनून. आन आज तू माझं जितं रान उकरून वाढदिवस करतोस. जा घरी.”

दादासाहेब पांढरे पडले, मग लाल झाले. ते गाडीत बसले आणि गेले. गुलमोहर तिथंच राहिले. सिस्टरांनी ते शाळेला दिले. शाळेच्या आवारात आता त्यांची सावली पडायला लागलीय, कारण झाडावर त्यांचा राग नाही. राग आहे तो झाड चुकीच्या जागी लावण्यावर.

पण या भांडणाची किंमत मोजावी लागली. दादासाहेबांचे कार्यकर्ते म्हणजे गावातली निम्मी तरुण मंडळी. पुढच्या रविवारी घमेल्यात मोबाईल कमी पडले. उलटाही आला नाही. त्याच्या दुकानाला पतसंस्थेचं कर्ज होतं आणि पतसंस्था दादासाहेबांची होती. सिस्टर त्याच्या घरी गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याला वरडून काय हुनार, त्याला पोरं हायत. हे वाक्य त्यांनी इतक्या चिडून म्हटलं, की मला ते शिवीसारखंच ऐकू आलं.

दसरा झाला आणि गाव रिकामं व्हायला लागलं. पाथर्डीच्या बाजूला हे नवं नाही. मुकादमाचे ट्रॅक्टर येतात. ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, कोंबड्या, शेळ्या, पोरं चढतात आणि कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मीराही नवऱ्याबरोबर कर्नाटकात निघाली. ती माळावरची सगळ्यात खमकी कामकरी. सिस्टर रस्त्यावर उभ्या राहून प्रत्येक ट्रॉलीला शिव्या देत होत्या. निघाली मढी, म्हणत होत्या. दुसऱ्याचा ऊस तोडा, आपलं रान जळू द्या. मीरानं ट्रॉलीतून हात जोडले, तर सिस्टरांनी तोंड फिरवलं. मग मुकादमाला गाठून बायांना दिवस गेलेले असताना मोळ्या उचलायला लावशील तर बघ, असा दम दिला. तो दम मात्र त्यांनी हळू आवाजात दिला, आणि मुकादम खरंच घाबरला.

हिवाळाभर माळावर आम्ही उरलो ते सिस्टर, मी, मुका शिपाई आणि ज्यांना ऊसतोडीला नेण्यात कुणाला फायदा नाही अशी म्हातारी माणसं. गवत वाळून सोनेरी झालं होतं. तेवढंच ते धोक्याचं. सिस्टरांनी ठरवलं की जाळपट्टा काढायचा. म्हणजे माळाच्या मधोमध एक रुंद पट्टा गवत कापून, खरडून मोकळा करायचा, आग आली तर तिथं थांबावी म्हणून. म्हातारे कुरकुरत होते आणि सिस्टर त्यांच्यावर खेकसत होत्या. म्हातारे काही त्यांच्या हातून जन्मलेले नव्हते, म्हणून त्यांच्यावर वेगळा उपाय होता. त्यांच्या गोळ्या सिस्टरांकडं होत्या. ज्यानं विळा टाकला त्याचं बीपी तपासायचं राहून जायचं.

शिमग्याच्या थोडं आधी, भर दुपारी, माळाच्या वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्यानं बांधावरचं तण पेटवलं आणि वारा फिरला. शाळेच्या खिडकीतून मला धूर दिसला. आम्ही दोघंतिघं शिक्षक पळत सुटलो. पोचलो तेव्हा वरचा माळ धडधडत होता. सिस्टर ओलं पोतं घेऊन आगीच्या तोंडाशी झोडपत होत्या आणि आगीलाच शिव्या देत होत्या. म्हातारे कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन पट्ट्याच्या काठाला उभे होते. उडालेली ठिणगी पडली की मारायचे. आम्ही थोडेच होतो आणि आग रुंद होती. धुरानं डोळे उघडत नव्हते. एका क्षणी मला वाटलं, आता गेलं सगळं.

मग गावाकडून मोटारसायकली आल्या. पुढं उलटा होता. मागं दादासाहेबांची सगळी तरुण मंडळी होती, हातात पोती, फवारणीचे पंप, कुणाच्या हातात नुसताच भिजवलेला टॉवेल. कुणी काही विचारलं नाही. ते सरळ रांगेत शिरले. सिस्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी त्या चांगलं काही बोलतील.

“चपला घालून आलास व्हय रे उलट्या,” त्या ओरडल्या. “बूट न्हाईत का घरात? पाय भाजलं तर मी काय आता तुझ्या पायाला धरू?”

उलटा बूट घालायला परत गेला नाही, एवढीच त्याची बंडखोरी. तो पंप मारत राहिला. मी त्याच्या शेजारी होतो. तो रडत होता. धूर खूप होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

आग पट्ट्याला येऊन थांबली. वरचा माळ गेला. सिस्टरांनी झुडपांखाली लावलेल्या माकडशिंगाच्या कांड्या गेल्या. खालचा माळ, पवन्या आणि बहुतेक सगळे हिवर वाचले. आग विझल्यावर दादासाहेबांचा टँकर आला आणि टँकरमागं फोटोग्राफर. सिस्टरांनी टँकर ठेवून घेतला आणि फोटोग्राफर परत पाठवला. ज्याच्या बांधावरून आग आली त्या शेतकऱ्याकडं मग त्या गेल्या, आणि त्याच्या अंगणात उभं राहून जे बोलल्या ते मी इथं लिहू शकत नाही. त्यात त्याच्या आजोबांपर्यंतचा सगळा वंश आला. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन माळाची राखण करतोय.

पुढचा रविवार. घमेलं पुन्हा भरलं होतं. काम आटोपून सगळे गेले, मी फावडी धुऊन ठेवत होतो, आणि सिस्टर खालच्या माळावर एका हिवराजवळ दगडावर बसल्या होत्या. हिवर अगदी टवटवीत होता. गुडघ्याएवढा झालेला, आणि फांद्यांच्या टोकाला कोवळी पालवी. त्यांनी मोबाईल लावला होता, स्पीकर चालू होता, आणि पलीकडं मीरा होती. मागं ऊसगाड्यांचा आवाज येत होता.

सिस्टर तिला झापत होत्या. तुझा हिवर गेल्यात जमा हाय म्हणून सांगत होत्या. पानं गळाली, खोड वाळलं, तू तिकडं बसलीस, तुला काय त्याचं. मी थबकलो. झाड त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवंगार होतं. मीरा तिकडून घाबऱ्या आवाजात विचारत होती, पानी घातलं का, शेन टाकलं का बुडाशी. सिस्टर म्हणाल्या, बघते, पन आशा धरू नगं. मग विचारलं, पोराचा खोकला गेला का. मीरानं सांगितलं, नाही गेला. मग सिस्टरांनी औषध सांगितलं, तिचे पाय सुजलेत का विचारलं, नवरा दारू पितो का विचारलं, दिवस गेलेत का ते विचारलं आणि तिच्या ‘न्हाई’वर विश्वास न ठेवता पुन्हा विचारलं. बराच वेळ चाललं ते. मीरा एकदा हसलीसुद्धा. शेवटी सिस्टरांनी पुन्हा झाडावरून झापलं आणि उद्या फोन कर, जगलं तर सांगते, म्हणून फोन ठेवला.

मी जवळ गेलो आणि म्हटलं, सिस्टर, झाड तर चांगलं आहे. मग तिला उगाच जिवाला घोर कशाला?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पालवीवर बसलेला एक किडा त्यांनी बोटानं उडवला.

“बरं हाय म्हनलं की फोन ठेवत्यात, मास्तर.”

मी तिथंच फावडं टेकून उभा राहिलो. सिस्टरांनी चष्मा वर करून पुढचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडं रिंग वाजायला लागली. कुणी उचलायच्या आत त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.